हातानं बनवलेले हॉकी स्केट्स घेताय? या चुका टाळा

कोल्हापुरी चप्पल पहिले आठ दिवस चावते, मग तेल पिऊन पायाला बसते. बर्फावरच्या हॉकीचे स्केट्स मापानं बनवून घेताना हाच हिशोब डोक्यात ठेवला की पैसे पाण्यात गेले समजा. आजकालच्या चांगल्या बुटाचं कवच कार्बन फायबरचं असतं. ते तापवल्याशिवाय हलत नाही, आणि तापवलं तरी थोडंसंच. वापरून दबतो तो फक्त आतला फोम. म्हणजे लांबीला तोकडा आलेला बूट तोकडाच राहतो, आणि सुरुवातीला ‘आरामदायक’ वाटलेला बूट दोन महिन्यांत ढगळ होतो.

मापाच्या स्केट्सची परंपरा कॅनडातली. विनिपेगच्या स्कॉट व्हॅन हॉर्न यांनी व्हीएच नावानं एकसंध कार्बनचे बूट बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये ट्रू कंपनीनं तो व्यवसाय घेतला. बाउअर आणि सीसीएम या कंपन्याही पायाच्या मापावरून जोड बनवून देतात. टोरांटो-ब्रॅम्प्टनकडे राहणारी आपली मंडळी हल्ली रात्रीच्या हौशी लीगमध्ये उतरतात, आणि दुकानातल्या तयार स्केट्सनी घोटे सोलून निघाले की या वाटेला लागतात. एका जोडाला हजार डॉलरच्या पुढेच पडतात. एवढे पैसे मोजूनही जोड बिघडतो तो बहुधा तीन ठिकाणी: माप देताना, पायाला बसवायला भट्टीत तापवताना आणि पहिल्या दहा तासांत.

मापातली गडबड

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे फॉर्मवर ‘बुटाचा नंबर ९’ लिहून मोकळं होणं. तयार हॉकी स्केट रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान बसतो, कारण धावायच्या बुटात बोटांपुढे मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. कारागिराला नंबराशी घेणंदेणं नसतं. त्याला पायाची लांबी आणि घेर हवेत, तेही मिलिमीटरमध्ये. अर्धी मापं इंचात आणि अर्धी सेंटिमीटरमध्ये लिहिलेला कागद तर पाठवूच नका.

कागदावर पायाची आखणी करताना स्वतः वाकू नका. वाकलात की वजन पुढे जातं, चवडा पसरतो आणि टाच हलकी होते. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून सरळ उभे राहा आणि पेन्सिल दुसऱ्याच्या हातात द्या. पेन्सिल कागदाला काटकोनात हवी. ती आत कलली की रेघ तळव्याखाली शिरते आणि दोन्ही बाजू मिळून चार-पाच मिलिमीटर कधी गेले ते कळत नाही. बाहेर कलली तर तेवढाच पाय फुगतो. आखणी दोन्ही पायांची करा आणि कागदावर डावा-उजवा लिहा. दोन्ही पाय अगदी सारखे असलेला माणूस विरळा, आणि मापाचा जोड घ्यायचा तो त्यासाठीच.

घेर चार घ्यायचे: चवड्याच्या सर्वांत रुंद भागाचा, पावलाच्या मधल्या चढाचा, घोट्याच्या हाडांच्या वरचा, आणि टाचेच्या खालच्या टोकापासून तिरका वर जाऊन पाऊल जिथे नडगीकडे वळतं तिथून फिरून परत टाचेपर्यंतचा. शेवटचा घेर बहुतेकांचा चुकतो, कारण टेप टाचेवरून घसरून वर सरकते. टाच बुटात घट्ट बसणार की नाही हे मात्र याच आकड्यावर ठरतं. प्रत्येक घेर तीनदा घ्या. तीन आकड्यांत तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर टेप चुकीच्या जागी जातेय असं समजा. टेप त्वचेला लागावी, रुतू नये.

वेळही महत्त्वाची. सकाळी उठल्या उठल्या घेतलेलं माप आणि दिवसभर उभं राहून रात्री दहाच्या मॅचला निघालेला पाय यांत फरक असतो. माप संध्याकाळी घ्या, आणि बर्फावर जे मोजे घालणार तेच, एकच जोडी, पातळ, घालून घ्या. जुन्या काळचे नामवंत हॉकीपटू बॉबी ऑर मोज्यांशिवाय खेळायचे हे खरं, पण माप मोज्यांवर आणि खेळ अनवाणी, किंवा उलट, असं करू नका.

फोनवरच्या किंवा दुकानातल्या स्कॅनरनं माप दिलं की सगळं आलं, असं वाटतं. स्कॅनरला आकार दिसतो. पण कुठे नुसतं मांस आहे जे दाबलं तर चालेल आणि कुठे हाड आहे ज्याला बूट टेकताही कामा नये, हे त्याला कळत नाही. टाचेमागचा हाडाचा उंचवटा, अंगठ्याच्या बुडाशी आलेली गाठ, जुनं मोडलेलं हाड, हे सगळं आखणीच्या कागदावर बाण काढून लिहा. डॉक्टरांनी दिलेले खास इनसोल वापरत असाल तर तेही मापाबरोबर पाठवा. नंतर आत सारलेला जाड इनसोल पाय वर उचलतो आणि बुटाची खोली तेवढी कमी होते.

ऑर्डर देताना

कडकपणा निवडताना हौस आड येते. व्यावसायिक खेळाडूंसाठीचा सर्वांत ताठ बूट सत्तर किलोच्या हौशी खेळाडूनं घेतला, तर घोटा पुढे वाकत नाही. घोटा वाकला नाही की गुडघा वाकत नाही, वजन टाचेवर राहतं आणि माणूस मागे आपटतो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्यानं एक पायरी मऊ बूट घ्यावा. यात कमीपणा काही नाही.

होल्डर (पातं धरून ठेवणारा बुटाखालचा सांगाडा) आणि पातं निवडताना जुन्या स्केटवरचे आकडे वाचून घ्या. होल्डरवर २५४, २६३, २७२, २८० असा मिलिमीटरमधला साइज कोरलेला असतो. पात्याची वक्रता, म्हणजे प्रोफाइल, जुन्या जोडाला कोणती होती ते धार लावणाऱ्याला विचारा. होल्डरचा मागचा-पुढचा उतार कंपनीगणिक बदलतो. नवा जोड घालून पुढे ढकलल्यासारखं किंवा मागे पडल्यासारखं वाटतं, त्याचं मूळ बुटात नसून बहुधा इथे असतं.

पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या: जोड बसला नाही तर किती दिवसांत परत घेणार, ने-आणीचा खर्च कोणाचा, आणि धार लावल्यावर किंवा तापवल्यावरही बदलून मिळेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा ‘नाही’ असतं. लेहला किंवा पुण्याला मागवत असाल तर आयात शुल्काचा (कस्टम्स) खर्च वेगळा, आणि परत पाठवायची वेळ आली तर तो दोनदा मोजावा लागेल. बनवायला काही आठवडे जातात. कॅनडातला सीझन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, म्हणून ऑर्डर जून-जुलैतच द्या.

मुलांसाठी मापाचे स्केट्स घेऊच नका, आणि ‘वाढता पाय आहे, दोन नंबर मोठे घेऊ’ हेही नको. शाळेचा बूट मोठा घेतला तर चालतो. स्केट मोठा असला की घोटे आत कलतात आणि पोरगं दमून कडेला बसतं. अर्धा नंबर मोठा, तयार किंवा वापरलेला जोड पुरे.

जोड हातात आला, आता भट्टीआधी

धार लावायच्या आधी, घरीच, गालिच्यावर तपासा. टाच मागे आपटून बसवा. सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढच्या टोपीला निसटती लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. गुडघे वाकवूनही बोटं मुडपलेलीच राहत असतील तर बूट तोकडा आहे, तो भट्टीनं सुधारत नाही. टाचेमागे बोट शिरत असेल तर लांब.

मग पेन्सिलची परीक्षा. लेस सैल, पाय आत, जीभ पुढे ओढलेली. वरून तिसऱ्या आयलेटच्या (लेस ओवायच्या भोकांच्या) जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. ती दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर टेकून सपाट बसली तर खोली बरोबर. पावलावरच टेकून झुल्यासारखी डुगडुगत असेल तर बूट उथळ आहे, आणि पुढे लेस त्या जागी कापणार हे आत्ताच ओळखा. शेवटी लेस बांधून दोन पट्ट्यांमधलं अंतर बघा. दीड ते दोन इंच आणि वरपासून खालपर्यंत साधारण समांतर, हे चांगलं लक्षण. नव्या बुटातच पट्ट्या एकमेकींना भिडायला आल्या असतील तर फोम दबल्यावर ओढायला लेसच उरणार नाही.

यातलं काही चुकलं असेल तर तिथेच थांबा आणि कारागिराला फोटो पाठवा.

भट्टी

तापवण्याचं तापमान आणि वेळ प्रत्येक बनवणाऱ्याचं वेगळं, जोडाबरोबरच्या कागदावर दिलेलं. साधारण १७५ ते २०० फॅरनहाइट, काही मिनिटं. घोळ होतो तो इथे. कागदावर १८० लिहिलेलं असतं आणि घरचा ओव्हन सेल्सिअसचा असतो. १८० फॅरनहाइट म्हणजे ८२ सेल्सिअस. ओव्हनचं बटण १८० सेल्सिअसवर नेलंत तर केक फुगेल, पण बुटातला गोंद सुटेल, फोम करपेल आणि हमीही जाईल. शिवाय घरच्या ओव्हनचा काटा दहा-पंधरा अंश सहज फसवतो. शक्यतो दुकानातल्या स्केटच्या भट्टीतच द्या. ओला बूट तापवू नका.

तापलेल्या बुटात पाय घालून टाच मागे आपटा आणि खुर्चीत गुडघा काटकोनात ठेवून बसा. लेस ओढायची ती बाजूला, वर नाही. गरम पट्टीतून वर हिसका दिला की आयलेट उपटून हातात येतं. थंड होईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, उभं राहायचं नाही. उभं राहिलात तर मऊ झालेला बूट तुमच्या वजनानं कललेला गोठतो. मग चोवीस तास जोडाला हात लावू नका.

पहिले दहा तास: दुखतंय कुठे?

पहिल्या दिवशी मॅच खेळू नका. वीस मिनिटं, मग चाळीस, मग तासभर मोकळं स्केटिंग. तळव्याच्या कमानीत गोळा येणं पहिल्या दोन-तीन वेळा चालतं. नंतरही येत असेल तर खालच्या चार आयलेटची लेस सैल करून बघा. बोटं बधिर होतात त्याचं कारणही बहुधा तेच. चवड्यावर सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट आणि वर बेताची, अशी लेस बांधायची. सगळी एकसारखी आवळून टाकणं ही सवय आपण साध्या बुटातून आणतो.

घोट्याच्या पुढच्या वळणावर लेस कापते, लाल वळ उठतो, पाऊल वर उचलताना कळ येते: ही तिथल्या स्नायुबंधाची सूज. दुखतं म्हणून लोक लेस आणखी आवळतात, पाय हलू नये म्हणून. उलट करा. दुखऱ्या जागेवरचं आयलेट सोडून लेस पुढे न्या, जिभेखाली जेलचं पातळ पॅड ठेवा, आणि चारेक दिवस बर्फापासून लांब राहा. तरी राहिली तर जाड फेल्टची जीभ बसवून घ्या.

हाड घासत असेल तर ‘थोडं बाहेरच्या बाजूला लागतं’ असं सांगून दुकानदाराला जागा सापडत नाही. हाडावर लिपस्टिकचा ठिपका लावा, अनवाणी पाय बुटात घाला, लेस बांधा, दोन मिनिटांनी काढा. अस्तरावर ठिपका उमटतो. नेमकी तेवढीच जागा गरम करून प्रेसनं बाहेर फुगवता येते. ओलं कुंकूही चालेल, पण तो डाग जन्मभर राहतो.

पाय आत कलतोय असं वाटलं की सगळे बुटाला दोष देतात. आधी धार तपासा. स्केट उलटा धरून पात्यावर आडवं नाणं ठेवा. पात्याशी काटकोन होत नसेल, नाणं एका बाजूला झुकत असेल, तर एक कड उंच लागली आहे, आणि दोष धार लावणाऱ्याचा. नाणं सरळ आणि तरी पाय कलतोय, तर होल्डर थोडा आत सरकवून बसवून घ्यावा लागेल. आणि नव्या पात्याला बहुतेकदा वापरायची धार नसतेच, हे लक्षात ठेवा. पात्याच्या तळाला लांबीभर खोबणी असते, आणि तिची त्रिज्या अर्धा इंच ही मधली धार. वजनदार माणसाला ५/८ इंच उथळ बरी पडते, पातं बर्फात कमी रुतून जास्त घसरतं.

घरी आल्यावर

पातं पुसा, इनसोल बाहेर काढा, जीभ पुढे ओढून बूट उघडा ठेवा. हीटरच्या झोतासमोर नाही आणि गाडीच्या डिकीत तर नाहीच. प्लॅस्टिकचं कव्हर फक्त चालण्यापुरतं, ते घालून पिशवीत टाकलेलं पातं रात्रीत गंजतं. पिशवीत कापडी कव्हर. महिन्यातून एकदा होल्डर हातानं हलवून बघा. वळताना टक् असा आवाज येत असेल तर होल्डर तळाला जोडणारा रिव्हेट ढिला झालाय. लगेच बदललात तर काम किरकोळ. तसंच खेळत राहिलात तर तळाचं भोक रुंदावतं, आणि मग त्यात नवा रिव्हेटही धरत नाही.