येळवशीचं आवतन घरच्या प्रिंटरवर छापायचं असेल तर

लातूर-धाराशिवकडं येळवस म्हणजे वेळ अमावस्या म्हटलं की अख्खं गाव शेतात, आणि ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. आता ते बोलावणं व्हॉट्सॲपवर येतं, एकच इमेज सगळ्यांना. पण ज्यांना मनापासून बोलवायचंय त्यांच्या हातात नाव घातलेलं कार्ड द्या, घरात साधा इंकजेट असला तरी जमतं, आणि बारसं, वाढदिवस, संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्याला हीच पद्धत चालते.

आधी कागद. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), घडी घातली की उभाच राहत नाही, म्हणून १८० ते २०० जीएसएमचा मॅट कार्डशीट घ्या. पण आपला प्रिंटर किती जाड कागद घेतो ते आधी मॅन्युअलमध्ये बघा, ज्यात कागद पुढच्या ट्रेतून आत जाऊन वळून बाहेर येतो तिथं जाड शीट अडकते, मागून घालायची सोय असेल तर तिथूनच घाला. लेझर प्रिंटर असेल तर इंकजेटचा ग्लॉसी फोटो पेपर अजिबात घालायचा नाही, आतल्या उष्णतेनं त्यावरचा थर वितळून चिकटतो. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं ना, तिथला हातकागद लई देखणा, पण तो शाई पितो आणि बारीक अक्षरं पसरतात, शिवाय सुटे धागे रोलरमध्ये जातात, त्यामुळं मजकूर साध्या शीटवर छापून कापा आणि हातकागदावर चिकटवा, ते जास्त शोभतं.

ए-फोर उभं धरा, मधोमध आडवं कापलं की दोन कार्डं निघतात, प्रत्येक २१० बाय १४८ मिलिमीटर, आणि मध्ये उभी घडी घातली की हातात मावणारं कार्ड तयार. बाहेरच्या बाजूला उजवा अर्धा म्हणजे दर्शनी भाग, डावा म्हणजे पाठ, हे डोक्यात पक्कं ठेवा. चारी कडांना ५ मिमी तरी जागा सोडा, बरेच प्रिंटर अगदी काठापर्यंत छापत नाहीत.

आता खरी गंमत आतल्या मजकुरात आहे. तयार टेम्पलेटमधलं 'आपणास सहर्ष निमंत्रण' नको, घरातल्या आजीकडून किंवा आईकडून पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं दोन ओळी लिहून घ्या, 'भज्जी, उंडे, आंबील सगळं हाय, लेकरं घेऊन या' असं त्या बोलतात तसंच, शुद्ध करत बसू नका. मग ते ३०० किंवा ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात तेवढे ठिपके) स्कॅन करा आणि आत लावा. स्कॅनर नसेल तर फोनच्या स्कॅन ॲपनं काढा, फक्त फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की बारीक होते. बाकी मजकुराला तिरो देवनागरी मराठी फॉन्ट घ्या, फुकट मिळतो आणि त्यात ल, श आपल्या वळणाचे आहेत. फाइल पीडीएफ करूनच छापा आणि छापण्याआधी जोडाक्षरं नीट बघा, काही ॲपमध्ये 'ऱ्या' तुटतो.

छापताना स्केल १००% ठेवायचं, फिट टू पेज नको, नाहीतर घडी मधोमध येत नाही. पहिली प्रत साध्या कागदावर काढा, एक बाजू छापली की पुस्तकाचं पान उलटतो तसा उलटून दुसरी, कोणता काठ आधी आत जातो त्याची पेन्सिलनं खूण करून ठेवा. स्क्रीनवर दिसतो तेवढा भडक रंग कागदावर येत नाही, म्हणून गडद फोटो आधी थोडा उजळ करून घ्या. आणि प्रिंटर नेहमी त्याच्या बटणानंच बंद करा, बोर्डाचं बटण दाबून नाही, म्हणजे शाई सोडणारं हेड झाकणाखाली जाऊन बसतं आणि शाई वाळत नाही, आपल्याकडच्या उन्हात तर हे फारच महत्त्वाचं.

शाई वाळू द्या, हात लावायची घाई नको. घडी थेट घालू नका, स्टीलची पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलनं आधी रेघ दाबा आणि मग दुमडा, कागद फुटत नाही. पाणी लागलं तर बऱ्याच इंकजेटची रंगीत शाई पसरते म्हणून ओल्या हातात देऊ नका. हळदीकुंकवाला तिळगुळाची पाकिटं अशीच छापणार असाल तर छापलेला कागद खाण्याला लागू नये, आत बटर पेपर घाला. कार्डाच्या पाकिटावरचं नाव मात्र पेनानंच लिहा, आणि शेतात पोचायचा रस्ता कार्डाच्या पाठीमागं छापायला विसरू नका, कारण नवीन माणूस फाट्यावरच फोन लावत उभा राहतो.