भोजाचे ताम्रपट वाचताना चुकलेलं वर्ष

आमच्या घरी गुढीपाडवा, त्यामुळे वर्ष चैत्रातच बदलतं हे मी इतकं गृहीत धरलं होतं की इंदूरला एम.ए. करताना पहिल्याच निबंधात आपटलो.

विषय माळव्याचा परमार राजा भोज याचे, दानाची नोंद असलेले दोन ताम्रपट. एक राजस्थानातल्या बांसवाड्याचा, दुसरा आपल्या बेटम्याचा, धारच्या रस्त्यावरचा. दोन्हींवर संवत् (म्हणजे विक्रम संवत) १०७६. पहिला माघ शु दि (शुक्ल पक्ष) ५, दुसरा भाद्रपद शु दि १५. मी चैत्रापासून महिने मोजले आणि भाद्रपद आधी लावला. पण बांसवाड्याचं दान 'कोंकणविजयपर्वणि', म्हणजे कोकण जिंकल्याच्या पर्वावरचं आहे, बेटम्याचं 'कोंकणग्रहणविजयपर्वणि', आणि इथे ग्रहण म्हणजे ताब्यात घेणं. म्हणजे माझ्या हिशेबात भोजाने कोकण आधी ताब्यात घेतलं आणि मग जिंकलं! निबंध परत आला तेव्हा समासात एवढंच होतं: 'कार्तिक?' इथला संवत् कार्तिकादी, गुजरातेत दिवाळीनंतर वर्ष बदलतं तसा. मग माघ जानेवारी १०२० मध्ये पडतो आणि भाद्रपद त्याच साली सप्टेंबरात. तेव्हापासून वर्षाचा आकडा दिसला की मी आधी महिना बघतो.

लिपीला मात्र घाबरू नका. नागरीच आहे. 'ए'ची मात्रा अक्षराच्या आधी उभी असते, 'ब'च्या जागी सर्रास 'व' येतो. सुरुवातीचं शिवस्तुतीचं 'जयति व्योमकेशोऽसौ', मग सीयक, वाक्पती, सिंधुराज, भोज ही वंशावळ, शेवटी दान राखण्याबद्दलचा श्लोक 'बहुभिर्वसुधा भुक्ता' आणि सहीचं 'स्वहस्तोऽयं श्रीभोजदेवस्य'. एवढं तोंडपाठ करा. ओळखीच्या मजकुरावर कोरणाऱ्याचं वळण कळलं की अनोळखी ओळीही सुटायला लागतात.

आणि खरी बातमी त्या अनोळखी ओळींतच असते. बेटम्याच्या पटात नालतडाग गाव पंडित देल्हाला दिलंय, आणि हा देल्ह स्थाण्वीश्वराहून, म्हणजे ठाणेसरहून, आलेला. आमच्या इंदुरी मराठी घरांसारखाच, बाहेरून येऊन माळव्यात रुजलेला.

मूळ पत्रा हातात मिळेलच असं नाही. एका कचेरीत मी तीन खेपा घातल्या. दर वेळी किल्लीवाले रजेवर. तोवर कागदावर घेतलेल्या ठशावर किंवा फोटोवर काम करा, फक्त छापील वाचनावर विसंबू नका. पत्रा मिळालाच तर बॅटरीचा उजेड बाजूने तिरका पाडा, खोदलेली रेघ सावलीने उठून दिसते. आणि सकाळी पोहे-जिलबी खाऊन गेला असाल, तर भिया, आधी हात धुवा.