फ्लायला पिसांचे पंख बांधताना

फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेलं, किड्यासारखं दिसणारं मासेमारीचं आमिष. पाण्याखाली बुडणाऱ्या, म्हणजे ओल्या फ्लायचा पंख दोरा आवळताना बिघडतो असं वाटतं, पण निम्मा बिघाड त्याआधीच, पिसं निवडताना आणि पंखाखालची बैठक करताना, होऊन गेलेला असतो.

शिकायला 8 नंबरचा गळ बरा. त्याहून लहान गळावर बोटंच आडवी येतात. बदकाच्या डाव्या आणि उजव्या पंखातलं, एकाच जागेचं, एकेक मोठं पीस घ्या. दोन्ही पिसं एकाच बाजूची असली तर पट्ट्या एकीकडेच वळतात आणि पंख वाकडा बसतो. पिसाची अरुंद, ताठ बाजू सोडून द्या. रुंद बाजूचाही मधला भागच कामाचा, कारण बुडाशी लव असते आणि टोकाकडे तंतू एकमेकांना धरत नाहीत. सुईने तंतू वेगळे करून साधारण 4 मिलिमीटर रुंदीची एकेक पट्टी दांडीलगत कापा.

एप्रिल-मेमध्ये इंदूरची हवा इतकी कोरडी होते की चांगली पट्टीही हातात फाटते. पीस किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरा आणि बुडाकडून टोकाकडे हलकेच बोट फिरवा, फट बुजते. पंखा बंद ठेवा. कूलरचा झोत टेबलावर येत असेल तर टेबल हलवा.

आता बैठक. फ्लायचं अंग गळाच्या डोळ्यापासून (दोरी ओवायच्या छिद्रापासून) 3-4 मिलिमीटर अलीकडे संपवा आणि पुढे दोऱ्याचा सपाट, अंगाच्या उंचीचा थर द्या. इथे पायरी राहिली तर पंख वर उचलला जातो, मग कितीही आवळा. शिंप्याचा दोरा नको, त्याने फ्लायचं डोकं फुगतं. फ्लायसाठीचा बारीक दोरा मेण लावून घ्या.

दोन्ही पट्ट्यांच्या खोलगट बाजू एकमेकींकडे करून टोकं जुळवा. पंखाचं टोक गळाच्या वळणाच्या थोडं पुढे जाईल इतकी लांबी ठेवा. पट्ट्या डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत गळाच्या पाठीवर उभ्या धरा. दोरा अंगठा आणि पट्टी यांच्यामधून वर न्या, ढिला फास पंखावरून घ्या आणि पलीकडे तर्जनी व पट्टी यांच्यामधून खाली आणा. बोटांचा चिमटा घट्ट करा आणि दोरा सरळ खाली ओढा. तंतू एकावर एक दबतात, गुंडाळले जात नाहीत. इथे घाई केली की सगळं गेलं. चिमटा न सोडता असेच आणखी दोन फास द्या. पुढचे वेढे डोळ्याकडेच जायला हवेत, पहिल्या फासाच्या मागे एक जरी गेला तरी पंख चिरतो. दोरा पंखाला पलीकडे ढकलत असेल तर सुरुवातीलाच तो किंचित आपल्याकडे झुकवून धरा. वाकडा बसलेला पंख एकदा सोडून पुन्हा बांधता येतो. त्यानंतर पट्टीवर घडी पडलेली असते, ती टाकून द्या.

उरलेली बुडं तिरकी कापा, पाच-सहा वेढ्यांत डोकं पूर्ण करा, गाठ मारा आणि व्हार्निशचे दोन पातळ हात द्या. व्हार्निश पंखात झिरपलं तर तंतू चिकटतात. ते सुईच्या टोकानेच लावा.

सामन माशासाठीच्या जुन्या फ्लायमध्ये रंगीत पट्ट्या जोडून एक पंख करतात. नियम एकच: डाव्या पंखाला डाव्या पिसांच्याच पट्ट्या, उजव्याला उजव्या. पिवळे, लाल, निळे असे तीन-चार तंतू कडेला कड लावून बुडाकडून टोकाकडे चोळले की तंतूंवरचे सूक्ष्म आकडे आपोआप अडकतात. गोंद लागत नाही. रंगाचा किंवा मेणाचा थर राहिला असेल तर मात्र ते धरत नाहीत, म्हणून रंगवलेली पिसं नीट धुऊन, सावलीत वाळवूनच वापरा.

केल्सनच्या सामन फ्लायवरच्या 1895 सालच्या पुस्तकातले फ्लाय करायची हौस असेल तर एक लक्षात ठेवा. त्यातल्या जॉक स्कॉट नावाच्या फ्लायच्या पंखात बस्टर्डची पिसं सांगितली आहेत. बस्टर्ड म्हणजे माळढोकाचं कूळ. त्याच कुळातला तणमोर, इकडचा खरमोर, आपल्या शेजारच्या सैलाना आणि सरदारपूरच्या अभयारण्यांत जेमतेम तग धरून आहे. पंखाच्या बाजूंना लावायचं पीस रानकोंबड्याचं, तोही संरक्षित. पिसं कुणी आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका. ठिपकेदार टर्की बस्टर्डच्या जागी छान चालते, आणि रानकोंबड्याच्या पिसाऐवजी साध्या कोंबड्याच्या काळ्या पिसावर पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे थेंब देऊन व्हार्निश लावतात. चौकटीत ठेवायच्या फ्लायलाही हेच पुरेसं आहे.