ड्रोन संगीत अंगानं कसं ऐकावं

'ड्रोन' म्हटलं की आमच्या मिरजेकडं उसावर फवारणी करणारं यंत्र आठवतं. हे ते नव्हे. इथं एकच इलेक्ट्रॉनिक स्वर अर्धा-अर्धा तास धरून ठेवलेला असतो. ताल नाही, चाल नाही. तंबोऱ्याच्या गावाला ते परकं वाटू नये. न्यूयॉर्कमध्ये असं संगीत करणारे ला माँट यंग हे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य, आणि त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिलेले.

आधी स्पीकर बघा. मोबाइलवर खर्जातलं जवळपास काहीच उमटत नाही, म्हणून जरा मोठे स्पीकर लावा. पंखा बंद.

आवाज किती? शेजारी बसलेल्याशी साध्या आवाजात बोलता यावं, इतकाच. 85 डेसिबल आठ तास चालतं, पण पुढं दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 94 वर एकच तास. मिरवणुकीतल्या डीजेसारखी छाती हादरायलाच हवी, असं काही नाही.

आता फुगवलेला फुगा दोन्ही तळहातांत अलगद धरा. खालचा स्वर आला की रबर थरथरतं, ते बोटांना कळतं. तीच थरथर मग बरगड्यांत शोधा.

स्वर मध्यम उंचीचा असेल तर डोकं वीतभर बाजूला न्या. आवाज एकदम बारीक होईल किंवा फुगेल. भिंतींवरून परतलेल्या लाटा कुठं जुळतात, कुठं एकमेकींना मारतात. 500 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 500 कंपनांची लाट जेमतेम 69 सेंटिमीटरची, म्हणून वीतभरानंही फरक पडतो. 50 हर्ट्झची मात्र सुमारे सात मीटर. तिच्यासाठी उठून खोलीभर फिरावं लागतं. भिंतीलगत ती घुमते.

100 आणि 101 हर्ट्झ एकत्र वाजले तर सेकंदाला एक हेलकावा येतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारा लावताना तारेतला मणका सरकवत हाच हेलकावा घालवतात. इथं तो मुद्दाम ठेवतात. माझा श्वास त्याच्यामागं लांबतो. तुमचा लांबेलच असं नाही. अमुक हर्ट्झनं आजार बरे होतात, यावर तर विश्वासच ठेवू नका. गरगरलं किंवा कानात शिट्टी वाजू लागली तर लगेच थांबा.

खर्ज भिंतीपलीकडं जातो, हेही ध्यानात असू द्या. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंनी दार वाजवलं होतं, "अहो, तुमची मोटर चालूच राहिलीय बघा."