फँटसीतल्या जादूवाल्यांना नावं देताय? या चुका टाळा

नवीन लिहिणाऱ्यांच्या फँटसी गोष्टी मी सतत वाचत असते, कुणी पाठवली की नाही म्हणवतच नाही. आणि तेच तेच होतं. जग छान उभं केलेलं असतं, नकाशा असतो, राजघराण्याची सात पिढ्यांची वंशावळ असते, आणि मग जादू करणारी माणसं येतात आणि त्यांच्या नावाशी मी ठेचकाळते. नाव शेवटी पाच मिनिटांत उरकलंय हे लगेच कळतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे विझर्ड, सॉर्सरर, मेज, वॉरलॉक हे शब्द तसेच्या तसे देवनागरीत लिहायचे आणि झाले चार प्रकार म्हणायचं. अहो पण तुमच्या गोष्टीत त्यांच्यात फरक काय? विझर्ड म्हणजे मुळात शहाणा माणूस, सॉर्सरर लॅटिनमधल्या चिठ्ठ्या टाकून नशीब बघण्याच्या शब्दावरून आलाय, वॉरलॉक म्हणजे जुन्या इंग्रजीत शपथ मोडणारा, आणि मेजचं मूळ प्राचीन इराणी पुरोहितांच्या नावात आहे. विझर्ड शिकून जादू करतो आणि सॉर्सरर जन्मतःच घेऊन येतो, ही वाटणी खेळांमुळे रुळली. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ १९७४ साली आला तेव्हा त्यात जादूवाला म्हणून नुसता 'मॅजिक-यूजर' होता, सॉर्सरर हा वेगळा वर्ग २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आला. म्हणजे तुम्ही शब्दाबरोबर दुसऱ्याच्या खेळाचे नियम पण घरात घेताय.

पायरोमॅन्सर, म्हणजे आगीची जादू करणारा, वगैरे तर नकोच. त्यातल्या मॅन्सरचा मूळ अर्थ भाकीत करणारा असा आहे, नेक्रोमॅन्सर म्हणजे मेलेल्यांना विचारून भविष्य सांगणारा.

मग काहीजण उलट्या टोकाला जातात, संस्कृत शब्द घ्यायचा, मागे एक प्रत्यय लावायचा, आणि तक्ता भरायचा. ही चूक मी स्वतः केलीये, चौदा प्रकरणं लिहून झाल्यावर कळली. माझ्या गोष्टीत चार तत्त्वांचे चार पंथ होते आणि मी नावं ठेवली अग्निधर, वायुधर, जलधर, भूधर. कागदावर काय सुंदर दिसत होतं! मग एका मैत्रिणीला लढाईचं प्रकरण मोठ्याने वाचायला दिलं. पहिलंच वाक्य होतं, "भूधर मागे सरले आणि जलधर गरजत पुढे आले." तिने ते शांतपणे वाचलं आणि म्हणाली, छान आहे गं पावसाचं वर्णन. कारण जलधर म्हणजे ढग आणि भूधर म्हणजे पर्वत, हे शब्द आधीपासून भाषेत आहेतच. माझी माणसं मरत होती आणि तिला आभाळ भरून आलेलं दिसत होतं. त्या दिवसापासून कुठलंही नाव ठरवलं की आधी शब्दकोशात बघते, एकदा संस्कृत-मराठी आणि एकदा साधा मराठी.

पण खरी गडबड त्याहून खोल होती. ती नावं माझ्या तक्त्याने ठेवली होती, गोष्टीतल्या कुणीच नाही. आता मी आधी विचारते की हे नाव कोण घेतं? ती माणसं स्वतःला एक म्हणवतील, राजाच्या कागदावर दुसरं असेल, आणि विहिरीवर पाठीमागे बोलणाऱ्या बायका तिसरंच म्हणतील. असा विचार केल्यावर माझे जलधर झाले पाणाडे. जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्याला पाणाड्या म्हणतातच, मी तो शब्द थोडा ताणला. आणि अग्निधरांचे झाले विस्तवकरी, शेतकरीच्या चालीवर. दोन्ही नावं ऐकताच कळतात आणि दोन्हींना कामाचा वास आहे.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे विभक्ती. नाव फक्त प्रथमेत तपासतात लोक! यातुविद्, म्हणजे जादू जाणणारा, असं भारी नाव ठेवतात आणि पुढच्या ओळीत यातुविद्ने की यातुविदाने, यातच अडकतात, मग एका पानावर दोन्ही येतं. मी प्रत्येक नाव पाच वाक्यांत घालून मोठ्याने म्हणते: पाणाड्या आला, पाणाड्याने शाप दिला, पाणाड्याच्या दारात जाऊ नकोस, दोन पाणाडे भांडले, ए पाणाड्या! पाचही तोंडात बसली तरच ठेवते. बाईचं रूप पण तेव्हाच ठरवा, पाणाडीण, विस्तवकरीण. नाहीतर सातव्या प्रकरणात नायिका जादू शिकते आणि तुम्ही 'महिला मांत्रिक' लिहून मोकळे होता.

चेटकीण हा शब्द हलक्या हाताने वापरू नका. असा शिक्का मारून युरोपात १५व्या ते १८व्या शतकात साधारण ४० ते ६० हजार माणसं मारली गेली, त्यात बहुतेक बायका. तुमच्या गोष्टीत तो शब्द कोण कुणाला म्हणतंय याला फार वजन आहे.

मांत्रिक, तांत्रिक, मायावी, किमयागार हे एकमेकांच्या जागी वापरू नका. मंत्र म्हणणारा, विधी करणारा, भास निर्माण करणारा आणि धातूचं सोनं करू पाहणारा ही चार वेगळी माणसं आहेत. त्यात तांत्रिक लिहिताना जपून, 'तांत्रिक अडचण' आली की वाचक भलतीकडे जातो.

उच्चारताच न येणारी जोडाक्षरं नकोत. नऊ प्रकार पण नकोत, तीन पुरतात.

आणि बटण दाबून पन्नास नावं काढून देणारे जनरेटर, ते मला अजिबात पटत नाहीत. साधा 'जादू' शब्द घ्या, तो फारसीतून आलाय आणि वेदांमधल्या 'यातु'चा, म्हणजे जादूटोण्याचा, तो भाऊबंद आहे, म्हणजे यातुधान (वेदांमधले जादूटोणा करणारे राक्षस) आणि जादूगार एकाच कुळातले. हे खोदताना मला दोन वैरी पंथांची अख्खी गोष्ट सुचली, जी पन्नास नावांच्या यादीतून सुचली नसती. घाई असेल तर नाव रिकामं ठेवा, तिथे फुली मारा आणि पुढे लिहा, पण कच्चं नाव रुजू देऊ नका.

कारण नंतर बदलणं सोपं नाही. मी जलधर शोधून एका फटक्यात पाणाड्या टाकलं, तर 'जलधराने'चं झालं 'पाणाड्याने', पण मध्ये एक जास्तीचा काना चिकटलेला, 'जलधर आले'चं झालं 'पाणाड्या आले', आणि सामान्यरूपं सगळीकडे मोडली. शेवटी चौदाही प्रकरणं ओळ न् ओळ हाताने दुरुस्त केली, तीन संध्याकाळी गेल्या, आणि अकराव्या प्रकरणात एक जलधर तरीही राहिलाच होता.