‘नॉर्मल’ लिहिण्याआधी घडीच्या तळाशी बघा

रेडिओलॉजीच्या रेसिडेन्सीत दुसऱ्या वर्षी एका नऊ वर्षांच्या मुलीचा मेंदूचा एमआरआय मी ‘नॉर्मल’ म्हणून सोडला होता. दोन औषधं नीट देऊनही तिच्या फिट थांबत नव्हत्या. रिपोर्टवर सही करायच्या आधी मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “फिट येते तेव्हा आधी काय होतं, विचारलंस?” मी विचारलं नव्हतं. फॉर्मवर ‘आकडी’ एवढंच लिहिलं होतं आणि तेवढ्यावरच मी अडीच-तीनशे स्लाइस (स्कॅनमधले मेंदूचे छेद) चाळल्या होत्या.

आईला फोन केला. झोपेत डावा हात ताठ होतो, मग मान डावीकडे वळते. शरीराची डावी बाजू मेंदूचा उजवा भाग चालवतो, आणि ईईजीतही (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीतही) उजव्या फ्रंटल, म्हणजे कपाळामागच्या, भागाकडेच बोट होतं. तेच स्कॅन पुन्हा उघडलं, फक्त त्या भागातली मेंदूची एकेक घडी वरून खालपर्यंत बघत गेलो. एका सल्कसच्या (दोन घड्यांमधल्या खाचेच्या) तळाशी ग्रे मॅटर (इथे कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर) आणि त्याखालचं व्हाइट मॅटर यांच्यामधली रेघ पुसट झाली होती. फ्लेअर या प्रकारच्या चित्रांवर तिथूनच एक बारीक पांढरट पट्टा निमुळता होत व्हेंट्रिकलकडे (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीकडे) गेला होता. यालाच ट्रान्समँटल साइन म्हणतात. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला : फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसिया (कॉर्टेक्सच्या एका छोट्या भागाची सदोष घडण), टाइप २बी.

टेलर आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली वर्णन केलेली ही विकृती काही वेळा जेमतेम एका घडीएवढी असते. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं : आधी सिक्वेन्स, म्हणजे एमआरआयची चित्रं कोणत्या पद्धतीने घेतली आहेत, ते बघा. ५ मिमी जाडीच्या स्लाइसमध्ये ती सहज बुडून जाते. १ मिमीचे थ्रीडी टी१ आणि थ्रीडी फ्लेअर हे सिक्वेन्स हवेत, शिवाय हिप्पोकॅम्पसला (मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागाला) काटकोनात घेतलेला कोरोनल, म्हणजे समोरून उभ्या छेदांचा, टी२. अपस्माराच्या (एपिलेप्सीच्या) एमआरआयसाठीच्या २०१९च्या हार्नेस शिफारशींचा गाभा हाच आहे. स्कॅन तसा नसेल तर ‘नॉर्मल’ लिहू नका, पुन्हा काढायला सांगा. ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ एवढं लिहून भागत नाही, टेक्निशियनशी जाऊन बोला.

बघताना मी डावी-उजवी बाजू शेजारी ठेवून तुलना करतो, पण थोडं डोकं वाकडं असलं तरी एका बाजूचा कॉर्टेक्स जाड भासतो. म्हणून शंका आली की तिन्ही प्रतलांत खात्री करायची. एकाच प्रतलात दिसणारी जाडी बहुतेक वेळा तिरक्या छेदाची करामत असते.

बाकीच्या विकृती त्या मानाने लवकर ओळखू येतात. व्हेंट्रिकलच्या कडेला ग्रे मॅटरच्याच रंगाच्या गाठी म्हणजे हेटेरोटोपिया. कुठल्याही सिक्वेन्सवर त्यांचा रंग कॉर्टेक्सशी जुळला पाहिजे. स्किझेन्सेफलीच्या, म्हणजे मेंदूला जन्मतःच पडलेल्या, फटीला ग्रे मॅटरचं अस्तर असतं, पोरेनसेफलीला (मेंदूचा भाग नष्ट होऊन उरलेल्या पोकळीला) नसतं. पॉलिमायक्रोजायरिया (कॉर्टेक्सच्या अतिबारीक, असंख्य घड्या) मात्र जाड स्लाइसमध्ये नुसता जाड कॉर्टेक्स वाटतो आणि भलतंच नाव पडतं.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत मी अजूनही दबकत लिहितो. मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) भरत असताना, साधारण सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत, ग्रे-व्हाइटचा फरकच अंधुक असतो. आधीच्या स्कॅनवर दिसलेला डाग या काळात गायबही होतो. म्हणून जुनी फिल्म मागवा, आणि दोन-अडीच वर्षांनंतर पुन्हा स्कॅन करायला रिपोर्टमध्येच लिहा.

त्या मुलीच्या आईला मी नंतर भेटलो. फिट सुरू होतानाचा व्हिडिओ तिच्या मोबाइलमध्ये वर्षभर पडून होता. कुणी मागितलाच नव्हता.