जुने चष्मे आणि श्रवणयंत्रे वाटण्यापूर्वी: अमेरिकेतील मंडळांसाठी कायदेशीर तयारीची यादी

एखादे महाराष्ट्र मंडळ जुने चष्मे आणि श्रवणयंत्रे गोळा करायचे ठरवते, तेव्हा बैठकीत पहिली चर्चा खोकी कुठे ठेवायची याचीच होते. ती चर्चा बाजूला ठेवून आधी आपल्या राज्याचा कायदा काढून वाचावा. धर्मादाय कामावर कोण दावा ठोकणार, हा भरवसा न्यायालयात उपयोगी पडत नाही. संरक्षण असलेच तर ते अटींसह मिळते आणि एकही अट सुटली तर निसटू शकते.

केंद्रीय कायद्यांवर फार विसंबून राहू नये. १९९६ चा बिल इमर्सन गुड समॅरिटन कायदा अन्न आणि किराणा वस्तूंच्या दानापुरता आहे. १९९७ चा स्वयंसेवक संरक्षण कायदा स्वयंसेवकाला व्यक्तिशः संरक्षण देतो, संस्थेला देत नाही. शिवाय ज्या कामाला परवाना लागतो ते परवान्याविना केले, नुकसान वाहन चालवताना झाले किंवा निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा ठरला, तर तेही संरक्षण उरत नाही. म्हणजे खोकी भरणारा सदस्य निर्धास्त असला, तरी मंडळ मोकळे राहिलेले नसते.

संस्थेच्या संरक्षणासाठी म्हणूनच राज्याच्या कायद्याकडे वळावे लागते. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेतील कलम १७१४.२६ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ते करमुक्त धर्मादाय संस्थेला आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाला पुनर्वापराच्या चष्म्यांबाबत संरक्षण देते, मात्र घोर निष्काळजीपणा किंवा हेतुपुरस्सर गैरवर्तन वगळून, आणि परवानाधारक तज्ज्ञाच्या उपस्थितीसारख्या अटी पाळल्या तरच. ते दृष्टितपासणी आणि चष्म्यांपुरते आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे. त्याच शिबिरात दुसऱ्या टेबलावर श्रवणयंत्रे ठेवली, तर त्यांच्यासाठी वेगळा आधार शोधावा लागेल. इतर राज्यांत तरतुदी निराळ्या आहेत, तेव्हा शेजारच्या राज्यातील मंडळाचा नमुना जसाच्या तसा उचलू नये.

यानंतर कागदपत्रांकडे यावे. करमुक्ततेचे ५०१(सी)(३) पत्र, शिबिरास येणाऱ्या तज्ज्ञांच्या चालू परवान्यांच्या प्रती आणि लाभार्थ्याला समजेल अशा भाषेतील संमतिपत्र तयार ठेवावे. संमतिपत्रात वस्तू वापरलेली आहे, ती विनामूल्य दिली जात आहे आणि ती नव्या तपासणीचा पर्याय नाही, हे स्वच्छ शब्दांत असावे. ‘ऐच्छिक देणगी’च्या नावाखाली टेबलावर पेटी ठेवण्याचा मोह टाळावा, विनामूल्य वाटपाची अट असलेल्या राज्यात तीच पेटी वादाचे मूळ ठरू शकते.

खरी मेहनत वस्तूंच्या तपासणीत आहे. प्रत्येक चष्मा लेन्सोमीटरवर (भिंगाचा नंबर मोजणाऱ्या उपकरणावर) मोजून सोबतच्या चिठ्ठीवर उजवा व डावा नंबर, सिलिंडर (तिरप्या नंबराची ताकद) आणि ॲक्सिस (त्याचा कोन) लिहावे, ‘उजवा −२.७५, सिलिंडर −०.७५, ॲक्सिस ९०’ एवढी नोंद असेल, तर तो चष्मा कोणाला आणि का दिला हे पुढे दाखवता येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांनुसार चष्म्याच्या भिंगांना आघात सोसता यायला हवा, आणि त्याची चाचणी सुमारे १६ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा १२७ सेंटिमीटरवरून टाकून करतात. आजोबांच्या कपाटातून निघालेली जाड काचेची भिंगे या कसोटीला उतरतील याची खात्री नसते, म्हणून ती वेगळी काढावीत. लहान मुलांना जुने चष्मे देऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वाढत्या वयात चुकीच्या नंबराने होणारे नुकसान संमतिपत्राने भरून निघत नाही.

श्रवणयंत्रांबाबत सावधगिरी दुप्पट हवी. यंत्र वापरलेले असल्याचे वेष्टनावर नमूद करण्याचा केंद्रीय नियम आहे. आधीच्या माणसाच्या श्रवणक्षमतेनुसार बसवलेले प्रोग्रॅमिंग तसेच राहिले, तर अतिरिक्त आवाजाने उरलीसुरली श्रवणशक्तीही दुखावू शकते. म्हणून ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) यंत्र पुन्हा जुळवावे, कानातला साचा नव्याने करून घ्यावा आणि लहान बॅटरी मुलांच्या हाती लागू नये याची लेखी सूचना द्यावी. १७ ऑक्टोबर २०२२ पासून प्रिस्क्रिप्शनविना मिळणारी यंत्रे केवळ १८ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी, सौम्य ते मध्यम श्रवणदोषापुरती आहेत. दान आलेले प्रत्येक यंत्र त्या गटात धरू नये.

माल महाराष्ट्रात पाठवायचा असेल, तर अमेरिकी राज्याचे संरक्षण तिथे लागू होईल असे समजू नये. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विनामूल्य सेवा ‘सेवा’ या व्याख्येबाहेर असली, तरी निष्काळजीपणाचा दिवाणी दावा त्यामुळे बंद होत नाही. शिवाय भांडवली वस्तू सोडून इतर वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित, म्हणजे परवानगीनेच करता येणाऱ्या, गटात येत असल्याने विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी आधी घ्यावी.

शेवटी विमा प्रतिनिधीला या उपक्रमाचे वर्णन लेखी कळवून वापरलेल्या वैद्यकीय वस्तूंचे वाटप पॉलिसीत समाविष्ट आहे का, याचे उत्तरही लेखीच मागवावे, आणि ते येईपर्यंत वाटपाची तारीख जाहीर करू नये.